सुंदराबाईचा पासवर्ड

सुंदराबाईला रागवायला कारण लागत नाही, असं गल्लीतले लोक म्हणतात. साफ खोटं आहे. कारण लागतं. पण सुरतेच्या उधन्यात ते शोधायला कुठे जावं लागत नाही, सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर बसलेलंच असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, ते चार काळ्या स्क्रीनच्या रूपात बसलं होतं.

खोली लूमच्या खात्यावरची, म्हणजे मागांच्या कारखान्यावरची. खाली बावीस माग खडखडतात, वर फरशी थरथरते, आणि त्या थरथरणाऱ्या फरशीवर सुंदराबाईचे आठ कॉम्प्युटर. आठ बाया त्यांवर पंचिंग शिकतात. पंचिंग म्हणजे साडीवरच्या भरतकामाचं चित्र कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने बांधायचं. मग ती फाइल मशीनला दिली की मशीन कापडावर तेच टाके घालतं. बाहेर हे काम एसीत बसलेले पोरगे करतात आणि स्वतःला डिझायनर म्हणवतात. त्याच साडीचे मागचे लोंबते धागे कापायचं काम मात्र घरोघरी बाया करतात, मांडीवर गठ्ठा, हातात कात्री, मान मोडेपर्यंत. सुंदराबाईने ते अठरा वर्षं केलं. पारोळ्याकडच्या खेड्यातून लग्न करून आली ती थेट गठ्ठ्यासमोरच बसली.

पुढे एका डिझाइन स्टुडिओत झाडूपोछाचं काम मिळालं. पोछा मारताना माणूस खाली बघतो असं मालकाला वाटायचं. ही वर बघत होती. कोणतं बटण दाबलं की वेल वळते, कोणतं दाबलं की पाकळी भरते, सगळं डोळ्यांनी उचललं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत होते. ही टेम्पोसमोर आडवी उभी राहिली आणि आठ डबे उतरवून घेतले. कसे, ते मालकाला आजही नीट सांगता येत नाही.

त्यांत तिने विंडोजऐवजी लिनक्स घातलं. फुकट म्हणून नाही. फुकट म्हणून, असं कुणी म्हटलं की ती भडकते. "चोरीचं विंडोज सगळी सुरत वापरते. उद्या कुणी कागद मागितले तर पहिलं दार आमचंच वाजणार. चोरीचा माल माझ्या खोलीत नको, आणि दुसऱ्याच्या कुलपात माझ्या बायांचं काम नको."

पण कुलूप आलंच. ते आलं ग्राफिक कार्डातून. स्क्रीनवर चित्र उमटवतं ते कार्ड, आणि कार्डाशी बोलणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सवाल्या लोकांनी स्वतः लिहिलेला मोकळा ड्रायव्हर आहे, पण तिच्या कार्डांवर तो साठ-सत्तर हजार टाक्यांची साडी उघडली की दम टाकतो, स्क्रीन गोठतो. म्हणून कार्डाच्या कंपनीचाच बंद ड्रायव्हर घालावा लागतो. तो आत काय करतो ते कंपनी कुणाला दाखवत नाही. त्यात सुंदराबाईची पाच कार्डं जुनी, तीन त्यामानाने नवी. जुन्यांना जुना ड्रायव्हर, नव्यांना नवा, आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. कुठल्या डब्यात काय, ते तिने शंभर पानी वहीत लिहून ठेवलं होतं. ही वही आणि सगळ्या मशीनचा मुख्य पासवर्ड, दोन्ही तिच्याकडेच. पासवर्ड तर वहीतही नाही, डोक्यात.

त्या दिवशी चार वाजता परसोत्तमभाई येणार होते. कामरेजला त्यांचं भरतकामाचं खातं, बारा मशीन. एक डिझाइन ते समोर बसून करून घेणार, पसंत पडलं तर बायांना इथल्या इथे, याच खोलीत, पंचिंगचं काम सुरू. नाहीतर आठही जणी परत गठ्ठ्यासमोर. एवढा सरळ मामला होता.

आणि दोन, तीन, पाच, सात नंबरचे डबे काळेठिक्कर.

"मावशी, काहीच दिसस नही," तारा म्हणाली. तारा सव्वीसची, आठ जणींत सगळ्यात हुशार. तिचा हात माऊसवर असा फिरतो की जणू कापडावरच फिरतोय.

"तुनी काय करं?" सुंदराबाई.

"मी काहीच नही करं."

"बुधवारी शेवटी कोण बसलं होतं? तूच ना? कोणतं बटण दाबलंस?" सुंदराबाईचं असं आहे. माया असली की अहिराणी, आणि राग चढला की शाळेतली मराठी. ती मराठी ऐकली की बाया ओळखतात, आता पळा.

तारा पळाली नाही. "पासवर्डशिवाय या मशीनवर साधा फॉन्ट टाकता येत नाही. पासवर्ड तुमच्या डोक्यात. मग बिघडवलं माझ्या बोटाने कसं?"

"तोंड वर करून बोलू नको!"

"खाली करून बोलायचं तर धागेच कापते की घरी बसून. तिथे कुणी विचारत नाही, तोंड कुठे आहे." तिने ओढणी खांद्यावर टाकली आणि जिना उतरून गेली. बाकीच्या सात जणी आपापल्या नखांकडे बघत बसल्या. पन्नाशीची कलाबाई तेवढी पुटपुटली, "गयी. चांगली गयी."

सुंदराबाईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि तीन नंबरसमोर बसली. कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन एकदम दाबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं आली. म्हणजे डबा मेला नव्हता, फक्त चित्र मेलं होतं. मग तिला आठवलं, बुधवारी संध्याकाळी सगळ्या मशीनवर अपडेट घातले होते. कुणी घातले होते? तिनेच. हे आठवल्यावर माणसाने गप्प बसून जिन्याकडे बघावं. तिने कंपनीला शिव्या घातल्या.

"यांचंच काम आहे. मागून गुपचूप काहीतरी सरकवलं असणार."

मशीन जुन्या कर्नलवर चालू केलं, म्हणजे अपडेटच्या आधीच्या गाभ्यावर. काळं. ड्रायव्हर समूळ काढला, परत घातला. अर्धा तास गेला. काळं. मोकळा ड्रायव्हर लावला, तर चित्र आलं, बाया टाळ्या वाजवणार एवढ्यात कलाबाईने सरावाची साडी उघडली आणि वेल अर्ध्यात गोठली. माऊसचा बाणसुद्धा हलेना.

"हाऊ तं चिकटना," कलाबाई म्हणाली.

अकरा वाजले. तिने किरणला फोन लावला. किरण रिंगरोडच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये रिपेरिंग करतो, जळगावचाच आहे, पण गिऱ्हाइकाशी हिंदीतून बोलतो, म्हणजे मोठा वाटतो.

"मौसी, मैंने पहले ही बोला था. विंडोज डालो, बात खतम."

"चोरीचं?"

"सब का चोरी का ही है. आपको कौन पूछता है?"

"मला मीच विचारते! तुला ड्रायव्हरचं येतं का नाही ते सांग."

"अरे मावशी," आता मराठी आली, "भंगारातली कार्डं आहेत ती. फेकून द्या आणि नवी घ्या."

"तुझं डोकं पण भंगारातलंच आहे, ते तुझ्या आईने फेकलं का?" फोन बंद.

कार्डाच्या कंपनीची एक साइट आहे, तिथे लोक तक्रारी लिहितात. सुंदराबाईने मागे एकदा मोबाइलवरून भाषांतर करून तिथे विचारलं होतं, जुन्या कार्डांचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर का बसत नाही. उत्तर चार महिन्यांनी आलं होतं: आपले कार्ड जुने आहे, कृपया नवीन घ्यावे, धन्यवाद. त्या धन्यवादाने तिचं जेवण गेलं होतं. कार्ड चांगलं चालतं, पंखा फिरतो, एक टाका चुकवत नाही, आणि ते म्हणतात फेका. बरं, तुम्हाला जमत नाही तर आतलं लिखाण उघडं करा, दुसरं कुणी दुरुस्त करेल. तेही नाही. स्वतः करणार नाहीत, दुसऱ्याला करू देणार नाहीत. गोठ्याच्या दारावर आडव्या बसलेल्या म्हशीला निदान हाकलता तरी येतं.

पण शिव्या घालून डबा चालू होत नाही, हे तिला पोछा मारायच्या दिवसांपासून माहीत होतं. बायांना ती रोज एकच गोष्ट सांगायची: मशीन का अडलं ते मशीन लिहून ठेवतं, आधी ते वाचा आणि मग बोला. त्याला लॉग म्हणतात. आज सकाळपासून तिने स्वतः एकदाही वाचला नव्हता.

तिने वाचला. इंग्रजी तिला ओळीओळीने येत नाही, शब्दाशब्दाने येतं. शंभर ओळी गेल्या. मग एक ओळ आली, कार्डाचं नाव घेऊन. या कार्डाला जुन्या मालिकेचा ड्रायव्हर लागतो, हा ड्रायव्हर या कार्डाकडे बघणार नाही.

जुन्या मालिकेचा? तिने वही उघडली. तीन नंबर: नवं कार्ड, नवा ड्रायव्हर. पाच नंबरच्या लॉगमध्ये कार्डाचं नाव निघालं नव्याचं. वहीत पाच नंबर: जुनं कार्ड. तिने दोन आणि सात बघितले. तिथेही उलटापालट.

सुंदराबाईने वही हळूच मिटली, एकही शिवी न घालता. बायांना शिव्यांपेक्षा त्याचीच भीती वाटली.

"कलाबाई, काल पूजा कुणी केली?"

"नानांनी. म्हणजे तुमच्याच त्यांनी."

नाना म्हणजे सुंदराबाईचा नवरा काशिनाथ. खालच्या खात्यात माग दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली, तिथे सगळे त्याला मास्तर म्हणतात. वर त्याला ओढून आणला तेव्हा हाताला ग्रीस होतं.

"काल तुम्ही डबे उघडले?"

"मग? दसरा होता. यंत्र उघडल्याशिवाय पूजा होते का? माग पण उघडतो, धुतो, तेल घालतो, मग हळदकुंकू."

"कार्डं बाहेर काढली?"

"सगळी. धूळ किती होती म्हणून सांगू! ब्रशने साफ केली, चादरीवर ओळीने मांडली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग बसवली परत."

"ज्या डब्यातली त्याच डब्यात?"

काशिनाथने असं बघितलं, जणू तिने विचारलं होतं की सूर्य कुठल्या बाजूने उगवतो. "शटल काय नाव लिहून ठेवतं का, मी अमक्या मागाचं म्हणून? खात्यात कुठलंही शटल कुठल्याही मागात बसतं. खाच एक, कार्ड एक, बसलं की झालं. ओढून बघितलं मी, एक पण ढिलं नव्हतं."

आणि खरंच, एकही ढिलं नव्हतं. तीन नंबरचा डबा उघडला तर कार्डाच्या कडेला कुंकवाचा ठिपका, इतका नीट की सुंदराबाईला ओरडायला जागाच सापडेना. तीस वर्षांच्या हातांनी मनापासून केलेली चूक होती ती. मागाच्या खात्यात ती चूकच नसती.

तरी ती ओरडलीच. खाली बावीस माग चालू असूनही शेजारच्या खात्यातले लोक खिडकीत आले. "मला न विचारता हात लावलाच कसा?" ती म्हणाली. काशिनाथ म्हणाला, "पूजाच तं करी मी. पूजा काय तुले इचारी करू?" मग गुडघ्यावर बसून तो स्क्रू काढायला लागला. वही समोर ठेवून एकेक कार्ड जागच्या जागी गेलं. मोकळा ड्रायव्हर लावलेल्या तीन नंबरवर परत कंपनीचा घातला. दीड वाजता आठही स्क्रीन उजळले. सात बाया बसल्या. एक खुर्ची रिकामी होती, आणि सरळ बोलायचं तर शेठसमोरचं डिझाइन त्या खुर्चीशिवाय होणार नव्हतं. बाकीच्यांची वेल वळते, पण पान भरताना टाक्यांची दिशा कुठे फिरवायची ते ताराच्या डोळ्यांत असतं. टाके उलटे पडले की साडी उजेडात मेल्यासारखी दिसते.

आता जावं लागणार होतं. सुंदराबाईने आयुष्यात पोलिसाची माफी मागितलेली नाही, मालकाची नाही, सासूची तर नाहीच. तिने चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली.

तारा तिसऱ्या गल्लीत राहते. दारातच बसली होती, मांडीवर हिरव्या साड्यांचा गठ्ठा, हातात कात्री. कचकच, कचकच. मागे सासू तूर निवडत होती. ताराने मान वर केली नाही.

"डबे चालू झाले," सुंदराबाई म्हणाली.

"हो का."

"कार्डं बदलली होती. पूजेत. नानांनी."

"बरं."

"तुझा काही दोष नव्हता."

"ते मला सकाळी नऊलाच माहीत होतं. तुम्हाला कधी कळलं?"

सुंदराबाईच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. तिने दाराची चौकट घट्ट धरली. "चुकलं माझं," ती म्हणाली, इतक्या रागाने की सासूच्या हातातलं सूप थांबलं. "चुकलं! आता काय नाक घासू? चार वाजता तो माणूस येतोय."

तारा कात्री खाली ठेवून म्हणाली, "मावशी, एक विचारू? कंपनी आतलं दाखवत नाही म्हणून तुम्ही दोन वर्षं आमच्यासमोर तिचा उद्धार करताय. बरोबर आहे. आणि आमच्या मशीनचा पासवर्ड कुणाकडे?"

"माझ्याकडे. म्हणजे तुम्ही काही बिघडवू नये म्हणून..."

"कंपनी पण तेच म्हणत असेल."

असं कुणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं. सुंदराबाईला वाटलं, निघून जावं, शेठ गेला खड्ड्यात. मग तिची नजर ताराच्या अंगठ्यावर गेली. कात्रीच्या कड्याने तिथे घट्टा पडायला लागला होता, अजून लाल, नवा. तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर तोच होता, पण अठरा वर्षांचा, पिवळा, दगडासारखा.

"काय पाहिजे तुला?"

"मला एकटीला नाही. आठही जणींना पासवर्ड. आणि वही टेबलावर, पेटीत नाही. तर येते."

सुंदराबाईने मागे सासूकडे बघितलं, गल्लीत बघितलं. मग खाली वाकली. "कानात सांगते. मोठ्याने सांगण्यासारखा नाही."

तिने सांगितला. तो एक अहिराणी शब्द होता, कार्डाच्या कंपनीला उद्देशून, तिच्या आईच्या उल्लेखासकट, शेवटी दोन आकडे. ताराने ओढणी तोंडावर घेतली. खांदे हलायला लागले. "आग्ग माय! हाऊ आम्ही टाइप करवा? रोज?"

"रोज. म्हणजे विसरणार नाही."

परसोत्तमभाई चारला दहा कमी असतानाच आले. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल. खुर्चीत बसले, आठ स्क्रीन, आठ बाया बघितल्या आणि ताराच्या हातात साडीच्या पदराचा फोटो दिला. मोर आणि वेल. "एक कलाक. जोऊं छूं, तमे शुं करो छो." एक तास, एवढाच दिला.

कामाची वाटणी ताराने केली. कुणाला वेल, कुणाला पिसारा, कुणाला काठ, स्वतःकडे मान आणि पानं. सुंदराबाई भिंतीला टेकून उभी. चाळीस मिनिटं फक्त माऊसची टकटक आणि खालचे माग.

मग पाच नंबरवर कलाबाईचा स्क्रीन फडफडला आणि काळा झाला.

"लो, आ शुं थयुं?" शेठ खुर्चीत सरसावून बसले. "कंप्युटर तो भंगार लागे छे, बेन."

सुंदराबाई भिंतीवरून सुटली. दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात तारा पाच नंबरजवळ पोचली होती. तीन बटणं दाबली, अक्षरं आली. तिने कलाबाईच्या हातात कीबोर्ड दिला. "घाला." कलाबाईने एक एक अक्षर शोधत, लाजत, ओठ दाबत पासवर्ड घातला. ताराने लॉगच्या शेवटच्या ओळी वाचल्या, ड्रायव्हर मध्येच अडखळला होता, तिने स्क्रीनची व्यवस्था पुन्हा चालू केली. चित्र आलं. कलाबाईने दर दहा मिनिटांनी काम सेव्ह केलं होतं, चार पिसं तेवढी गेली. सुंदराबाई मधोमध उभी होती, हात कुठे ठेवावे ते न कळून. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. म्हणून तिने शेठवर काढला.

"भंगार म्हणालात ना? तुमच्या कामरेजच्या मशीनवर कधी धागाच तुटत नाही वाटतं? तुटतो ना? मग माणसं काय करतात, मशीन फेकतात का?"

शेठ हसले. एका तासाला पाच मिनिटं असताना फाइल झाली. त्यांनी मोठी करून बघितली, मोराची मान, पानांचे टाके, एकेक. मग ताराकडे बोट केलं. "आ छोकरीने इच्छापोर मोकलो. मारा भाईनो मोटो स्टुडिओ छे त्यां. बाकीनुं आपणे पछी जोईशुं."

खोलीत सगळ्यांना कळलं की शेठला एकटी तारा हवी आहे, भावाच्या स्टुडिओत, आणि बाकीच्यांचं पछी, म्हणजे नंतर, म्हणजे कधीच नाही. सुंदराबाईने तोंड उघडलं, पण तारा आधी बोलली, साध्या आवाजात, गुजरातीत, शेठला नीट समजेल असं. मोर एकटीने केलेला नाही, फाइलमध्ये आठ तुकडे आहेत, उघडून बघा. मशीन बंद पडलं तर इथे आठातली कुणीही चालू करते, आत्ता बघितलंत. तुमच्या भावाच्या स्टुडिओत एक पोरगा रजेवर गेला की काम थांबतं. काम इथे द्या.

परसोत्तमभाईंनी एक मोबाइल काढला, परत ठेवला. दुसरा काढला. त्यातून तीन डिझाइन पाठवली. "सोमवारे सांजे जोईए. त्रणे. मोडुं नहीं चाले." सोमवारी संध्याकाळी, तिन्ही, आणि उशीर चालणार नाही.

ते जिना उतरले तसा सुंदराबाईचा स्फोट झाला. "तीन! बारा मशीन आहेत त्याची, आणि तीन तुकडे टाकून गेला! वर पोरगी पळवायला निघाला होता, माझ्या डोळ्यांदेखत!"

"मावशी," तारा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "पहिल्या डिझाइनचा काठ तुम्ही घ्या. पाच नंबरवर बसा. आणि टाके दाट नका घालू, तुम्ही नेहमी दाट घालता."

सुंदराबाईने तिच्याकडे बघितलं. कलाबाई पाच नंबरवरून उठली आणि खुर्ची मोकळी केली. मग सुंदराबाई पाच नंबरसमोर बसली, खुर्ची जोरात ओढून, आणि विरळ टाके घालायला लागली.